कोपरच्या शाळेचं लग्न

मंदाकिनीला चालता चालता स्वप्नं पडत. झोपेतली स्वप्नं काय, सगळ्यांनाच पडतात, त्यांचं कौतुक नाही. पण डोंबिवलीच्या घरून निघावं, रेल्वेचे रूळ ओलांडावेत, शेताच्या बांधावर पाय ठेवावा आणि कोपरच्या शाळेचं कुलूप हाताला लागेपर्यंत वाटेत काय काय गेलं याचा पत्ता नसावा, हे तिलाच जमे. थंडीत खाडीवरून धुकं येई. त्या धुक्यात बांध दिसत नसे, समोरचं भेंडीचं झाड दिसत नसे, आणि मंदाकिनीला मात्र जगात नसलेलं सगळं लख्ख दिसे. शाळेला दुसरी खोली, खोलीला खिडकी, खिडकीशी बसून वाचणार्‍या मुली, त्यांच्या वेण्यांतली अबोली. असं बघता बघता ती दोनदा चिखलात उतरली होती. गावातल्या बायका म्हणत, "मास्तरीनबाय चांगली हाय, पन जागेपनी झोपते."

घरी ती आणि तिचे वडील भाऊ, दोघंच. भाऊंनी मुंबईच्या एका कचेरीत जन्म काढला होता आणि आता पेन्शनीत बसून ते मुलीची काळजी करत. पंचविशी उलटली तरी तिचं लग्न जमत नव्हतं, आणि तिलाही त्याची फारशी घाई नव्हती. "आम्ही स्थळं बघत होतो," भाऊ येणार्‍याजाणार्‍याला सांगत, "तिनं शाळा बघितली."

शाळा म्हणजे गावदेवीच्या देवळामागची एक कौलारू खोली. पहिली ते चौथी सगळे एकाच खोलीत, आणि बाई एकच. घंटा म्हणून आढ्याला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. तो वाजला की खाडीवरचे बगळे उडत आणि मुलं येत. बगळे जास्त उडत, मुलं कमी येत, हे मात्र कबूल करायला हवं.

साल एक्कावन्नचं. स्वराज्य नवं होतं आणि नव्या सुनेप्रमाणे त्याला सगळ्याच कामांत हात घालायची हौस होती. वरून हुकूम आला, की प्रत्येक शाळेनं मुलांच्या आणि गावाच्या गरजा ओळखून एक मूलोद्योग निवडावा, आणि भाषा, गणित, भूगोल, सगळं त्याच्याभोवती गुंफून वर्षाचा आराखडा करावा. बहुतेक मास्तरांनी डोळे मिटून सूतकताईची टकळी निवडली. मंदाकिनीनंही आधी तीच आणली होती. पण कोपरची हवा खारी आणि ओली. कापसाचा पेळू फुगायचा, धागा वीतभर निघायचा आणि तुटायचा. आठ दिवसांत मुलग्यांनी टकळ्यांचे भोवरे केले, आणि तेवढे मात्र छान फिरले.

मग तिला वाटलं, भातशेती घ्यावी. पण ज्या पोरांचे पाय चालायला लागल्यापासून चिखलात, त्यांना भात लावायला ही घाटावरची बामणीण काय शिकवणार? मासळीचं तर नावच नको. कोलंबी आणि करंदीतला फरकही तिला एका पहिलीतल्या पोरीनं समजावला होता. शेवटी तिनं मुलांनाच विचारलं, "तुम्हाला काय शिकायचंय रे?"

असं मुलांना कोणी विचारत नाही. मुलं आधी एकमेकांकडे बघू लागली, मग एकदम बोलू लागली. दौलतला मेलगाडीवरची पाटी वाचायची होती, ती कुठं जाते ते कळायला. मालनला बाजारातल्या तराजूचा काटा वाचायचा होता. एकाला कलेक्टर व्हायचं होतं, कारण कलेक्टराकडे घोडा असतो. फक्त सगुणा काही बोलली नाही. तिसरीतली ही पोर एकदा ऐकलेली कविता चालीसकट परत म्हणे, पाढेसुद्धा गाऊन म्हणे. तिच्या तोंडून एकोणतीसचा पाढा ऐकताना मंदाकिनीला आपण कुठं आहोत याचा विसर पडत असे. बाईंच्या मनातल्या त्या खिडकीशी बसलेल्या मुलींत पहिली मुलगी सगुणाच होती. कोपरची एकही मुलगी आजवर चौथी पास झालेली नव्हती. ही होणार, असं मंदाकिनीनं मनाशी धरलं होतं.

आणि मार्गशीर्ष लागताच सगुणाच यायची बंद झाली.

दोन-चार दिवस वाट पाहून बाई तिच्या घरी गेल्या. अंगणात बोंबील वाळत होते. सगुणाची आजी गंगुबाई सुपात तांदूळ घेऊन बसली होती. अंगकाठी सरळ, कपाळ मोठं, आवाज मात्र बसलेला. ही गंगुबाई गावची धवलारीण. आसपासच्या सगळ्या आगरी गावांत भटजी आला तर आला, न आला तर न आला, पण धवलारणीवाचून लग्न लागत नसे. मांडवात उंबराची डहाळी येण्यापासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं. ते धवले. गंगुबाई ते म्हणे तेव्हा देव मांडवात येत, अशी लोकांची खात्री होती. आणि देवांचीही असावी.

"आजी, सगुणा शाळेत का येत नाही?"

"येत व्हती तवर येत व्हती. आते नाय यायची." गंगुबाईनं सूप खाली ठेवलं. "माझा गला गेला, बाय. धवला कोनाच्या तरी गल्यात घालाला पायजे. माझी लेक ऱ्हायली नाय, ही लेकाची पोर. हिचा गला हाय."

"दोन्ही नाही का करता येणार? शाळाही आणि धवलाही?"

"लगीन चार-चार दिस चालतंय. शाला रोज. पोर एक." म्हातारीनं हिशेब मांडून दाखवला. "आनि शालंत काय शिकते ती? पाडे. पाडे म्हनून कोनाचं लगीन लागत नाय."

आतून सगुणा दाराशी आली होती. ती बाईंकडे बघत होती आणि आजीकडे बघत होती. तिला कोणीच काही विचारलं नाही.

त्या दिवशी परतताना धुकं नव्हतं, चक्क ऊन होतं, तरी मंदाकिनी वाट चुकली आणि मिठागराच्या कडेला जाऊन पोचली. पांढर्‍या वाफ्यांत आकाश उतरलं होतं. तिथं उभ्या उभ्या तिला सगळा आराखडा दिसला. मूलोद्योग म्हणून धवलाच घ्यायचा! धवल्यात गावोगावच्या देवांना आमंत्रण असतं, तो झाला भूगोल. मांडवाला किती मेढी, इतक्या पानांना किती पायल्या तांदूळ, ते झालं गणित. आत्या, मामा, करवली, कोणाचा मान कुठला, तो झाला समाज. आणि भाषा तर ओतप्रोत. सगुणाला शाळेतच धवला मिळाला, तर तिला शाळा सोडायचं कारणच उरत नाही. मंदाकिनीला इतका आनंद झाला, की ती वाफ्यांच्या बांधावर एकटीच हसली. मीठ ओढणारा एक माणूस घाबरून बाजूला झाला.

भाऊ अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मंदे, मूलोद्योग म्हणजे सूत, शेती, पुठ्ठाकाम. गाणी कुठला उद्योग?"

"नुसती गाणी नाहीत भाऊ. गंगुबाई लग्नं लावतात."

"म्हणजे पौरोहित्य! लोकल बोर्डाच्या शाळेत! अगं, ते तुमचे शाळा तपासणारे दिपोटी त्र्यंबकराव हातात नारळ देतील तुझ्या."

"मी कोणाचं लग्न लावणार आहे का? मुलं पाठ करतील, एवढंच."

हे भाऊंना मानावंच लागलं, कारण त्या घरात सगळंच पाठ केलं जाई. भाऊ स्वतः आंघोळ करताना खुशाल मंगलाष्टकं म्हणत, आणि त्यामुळे बंबाचं आणि घंगाळाचं लग्न लागलं असं आजवर कोणी म्हटलेलं नव्हतं.

पौषात लग्नं नसतात. मंदाकिनीनं सगुणाच्या बापाला, काळुरामला गाठलं. एवढा महिना तरी पोरीला पाठवा, म्हणाली. काळुरामनं आईकडे बघितलं, गंगुबाईनं मान हलवली आणि सगुणा पाटी घेऊन परत आली. शाळेत धवला म्हणायचा, हे ऐकल्यावर ती जरा थबकली.

"बाई, आजीला इचारायला पायजे."

"विचारू गं," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या स्वप्नात शिरल्या.

तो महिना मंदाकिनीच्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर महिना होता. सगुणा मध्ये बसून एकेक ओळ सांगे आणि सगळी खोली ती उचलून धरी. कल्याणच्या दुर्गाडीची देवी, कार्ल्याची एकवीरा, आणखी कुठकुठले देव लग्नाला निघत. मुलांनी जमिनीवर तांदळाच्या पिठानं त्यांच्या वाटा काढल्या. खाडी कुठं आडवी येते, घाट कुठं लागतो, कोणता देव होडीतून येणार आणि कोणता चालत, यावर भांडणं झाली. अशी भांडणं कुठल्या शाळेत होतात? दौलतला मेलगाडी कुठं जाते ते त्या पिठात सापडलं, आणि त्यानं एका देवाला मेलगाडीत बसवून दिलं. कडेवर धाकटी भावंडं घेऊन मोठ्या मुली दाराशी उभ्या राहू लागल्या, मग आत बसू लागल्या. सकाळचं कोवळं ऊन कौलांच्या फटीतून पिठावर पडे. मुलांचे आवाज बाहेर खाडीपर्यंत जात, आणि मंदाकिनी खुर्चीत बसून जागेपणी झोपे. तिला वाटे, हेच ते. मी बघत होते ती शाळा हीच.

दिपोटीसाहेब महिनाअखेरीला यायचे होते. त्यांना सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवायचं ठरलं, आणि चार दिवस आधी तालीम घेतली. मंदाकिनी काही अर्धवट करणार्‍यांतली नव्हती. आंब्याची पानं आली, हळद आली, मुलगे उंबराची डहाळी घेऊन आले, मुलींनी चौक भरला, दोन पाट मांडले. पाटांवर बाहुला-बाहुली बसवू, असं मालन म्हणाली. बाईंना ते पोरकट वाटलं. "नको, हा अभ्यास आहे. पाट रिकामेच असू देत," त्या म्हणाल्या. सगुणानं एकदा पाटांकडे आणि एकदा बाईंकडे बघितलं. बाई हसल्या. मग तिनं डोळे मिटले आणि धवला उचलला.

त्या दिवशी ती जशी गायली तशी कधी गायली नव्हती. मुलंसुद्धा मध्ये मध्ये गप्प होत होती. शेवटच्या गाण्याला सगळ्यांनी अक्षता टाकल्या, तांदूळ रिकाम्या पाटांवर टपटपले, आणि तेव्हाच दारात काठीचा आवाज झाला.

गंगुबाई आत आली. तिनं डहाळी बघितली, चौक बघितला, पाट बघितले.

"कोन बसलंय इथं?"

"कोणी नाही आजी," मंदाकिनी उत्साहानं म्हणाली. "हे पाठांतर आहे. सगुणानं सगळ्यांना शिकवलं. आता तिला शाळा सोडायला..."

"कोन नाय?"

"कोणीच नाही."

म्हातारी ओरडली नाही. ती उंबरठ्यावर बसली. "पौसात," ती हळूच म्हणाली. "पौसात, रिकाम्या पाटावर. धवला उचलला का खाली ठेवता येत नाय, बाय. तो कोनाच्या तरी डोक्यावर पडतंय."

सगुणाच्या मुठीत उरलेल्या अक्षता तशाच होत्या. मूठ उघडायची की नाही हे तिला कळत नव्हतं.

दुसर्‍या दिवशी रुळाचा तुकडा वाजला, बगळे उडाले, आणि एकही मूल आलं नाही. कोणाच्या नावानं लग्न लागलं, कोण येऊन बसलं त्या पाटांवर, याच्या चर्चा विहिरीवर चालल्या होत्या. तेवढ्यावर भागलं नाही. माघात ज्यांच्या घरी लग्नं होती त्यांनी काळुरामकडे निरोप धाडले, की गंगुबाईनं यावं, पण त्या पोरीला आणू नये. जिनं रिकाम्या पाटांना धवला घातला तिचा गळा आमच्या मांडवात नको. आणि गंगुबाईचा आवाज तर दोन गाणीही पुरत नव्हता. सगुणा शाळेतूनही गेली आणि मांडवातूनही गेली. ती घरामागं बसून राही आणि पाढासुद्धा म्हणत नसे.

त्र्यंबकराव ठरल्याप्रमाणे आले. छत्री कोपर्‍यात ठेवली, रिकाम्या खोलीकडे बघितलं, जमिनीवरचे पिठाचे रस्ते न मोडता खुर्चीपर्यंत गेले. मंदाकिनीनं त्यांना काहीही न लपवता सगळं सांगितलं. सांगता सांगता ती रडली. नारळ मिळणार याचं तिला काही वाटत नव्हतं. आपल्या डोक्यातल्या एका सुंदर चित्रापायी त्या पोरीचं होतं नव्हतं ते सगळं गेलं, हे तिला सोसवत नव्हतं.

साहेबांनी डबा उघडला. भाकरी खाता खाता ते म्हणाले, "लग्नं कुठल्या महिन्यांत असतात म्हणालात?"

"मार्गशीर्षात. मग माघ ते वैशाख."

"आणि आपली परीक्षा?"

"चैत्रात."

"हं," साहेब म्हणाले आणि लोणच्याची फोड शोधू लागले. जाताना एवढंच म्हणाले, "मी पुन्हा येईन. तेव्हा मुलं असू द्यात, बाई. नाहीतर मला शाळा हलवावी लागेल."

ते 'हं' मंदाकिनीच्या मागं लागलं. बांधावरून जाताना त्या दिवशी तिला स्वप्न पडलं नाही. बांध दिसला, चिखल दिसला, पायातली चप्पल दिसली. धवला सगुणाच्या घरी होताच की. तो शाळेत आणायला कोणी सांगितलं होतं? पोर मांडवातून परत आली की तिला दार उघडं मिळावं, एवढीच तिची गरज होती. लग्नाचे पाच महिने बाजूला ठेवले असते तरी भागलं असतं. आराखडा नव्यानं करायला हवा होता तो पंचांग समोर ठेवून, आणि आपण केला तो मिठागरात उभं राहून. ती रुळांपर्यंत गेली आणि तिथूनच मागं फिरली.

गंगुबाई अंगणातच होती. मंदाकिनी तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"आजी, माझं चुकलं. मी तुम्हाला विचारलं नाही. आता विचारते, काय करू?"

"आते इचारतेस." गंगुबाईनं तिच्याकडे बघितलंही नाही.

"लग्नाच्या महिन्यांत मी तिला बोलावणार नाही. तिची परीक्षा ज्येष्ठात घेईन, सगळी लग्नं उरकल्यावर. मधल्या दिवसांचा अभ्यास तिला बरोबर देईन, जमेल तेव्हा करील. धवला शाळेत म्हणायचा नाही. पण तिचा गळा तिला परत मिळायला हवा, आजी. त्याला मी काय करू ते मला कळत नाही."

म्हातारी सुपातल्या तांदळातून बोटं फिरवत राहिली. दुपार कलत होती. ओहोटीनं खाडी लांब गेली होती. घरामागं सगुणा बसली होती, तिची सावली तेवढी दिसत होती. गंगुबाईनं त्या सावलीकडे बघितलं.

"पाट कुठं मांडलेले?" ती एकाएकी म्हणाली.

"शाळेत."

"आनि शाला कुठं हाय?"

"कोपरात."

"मंग रिकामे कशे?" गंगुबाईनं सूप बाजूला केलं. "एका पाटावर शाला बसलेली, दुसर्‍यावर गाव बसलेला. तुमा शिकलेल्यांना दिसला नाय, म्हनून कोन नव्हता व्हय? धवला अर्धा झालाय. माघ लागू दे, पुरा करू."

खरंच तिला तसं दिसलं होतं, की नातीसाठी तिनं ते त्याच क्षणी घडवलं, हे कोणाला कधी कळलं नाही. विचारायची छाती कोणाची?

माघाच्या पहिल्या दिवशी कोपरात शाळेचं लग्न लागलं. आढ्याचा रुळाचा तुकडा खाली काढला, त्याला तेल-हळद लावली, हिरवं लुगडं नेसवलं आणि एका पाटावर बसवलं. दुसर्‍या पाटावर गावदेवीच्या देवळातला नारळ मुंडावळ्या बांधून बसला. नवरी वजनदार होती, चार गड्यांनी उचलली. सगळा गाव देवळामागं लोटला होता, आणि माघातल्या लग्नघरांची माणसं पुढं उभी राहून बारकाईनं बघत होती. भाऊसुद्धा डोंबिवलीहून आले होते, कोट घालून. काहीही झालं तरी मुलीकडचे ते.

सगुणाला मध्ये उभं केलं. तिचा आवाज आधी फुटेना. गंगुबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिच्याबरोबर नुसते ओठ हलवू लागली. मग आवाज आला. दुर्गाडीची देवी निघाली, एकवीरा घाट उतरली, खाडीवरून, मिठागरांवरून, मुलांनी पिठात काढलेल्या सगळ्या वाटांनी देव निघाले. मंदाकिनीला ते येताना दिसत होते, पण आता ते एकट्या तिलाच दिसत नव्हते. बायकांनी पदर डोक्यावर घेतले. अक्षता पडल्या, आणि या वेळी त्या कोणाच्या तरी डोक्यावर पडल्या.

"आमची सून," काळुराम रुळाच्या तुकड्याला हात लावून म्हणाला. "आते हिला कोन साहेब हलवतो ते बघू." सगुणाला लग्नघरांची बोलावणी मांडवातच आली.

माणसं पांगल्यावर गंगुबाई मंदाकिनीजवळ आली. "तू नवरीची आई ना?"

"मीच," मंदाकिनी हसून म्हणाली.

"मंग लेकीच्या घरचं पानी प्यायचं नाय. नातवंड होईस्तोवर."

मंदाकिनीला हसू आलं, पण म्हातारी हसत नव्हती. रीत तिला माहीत होती, त्यांच्याकडेही ती होतीच. एकदा आपण रीत पाठांतर समजून बसलो, आता नाही, असं तिनं ठरवलं. दुसर्‍या दिवसापासून ती फिरकीच्या झाकणाच्या तांब्यात डोंबिवलीहून पाणी नेऊ लागली. "लग्न नाही झालं आणि विहीणबाई झालीस," भाऊ म्हणाले आणि रोज सकाळी तांब्या स्वतः भरून देऊ लागले.

त्र्यंबकराव पुन्हा आले तेव्हा मुलं होती. आराखड्यात मूलोद्योगाच्या जागी परसातली भाजी लिहिली होती आणि खाली लग्नसराईच्या मुलांसाठी वेगळी परीक्षा. साहेबांनी वाचलं, "हं" म्हटलं आणि सही केली. सगुणा त्या वर्षी ज्येष्ठात तिसरी पास झाली. पुढच्या वर्षी, पौष सोडला तर, मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत ती गावोगावचे मांडव फिरली. पुस्तक धवलारणीच्या पिशवीत, हळदीच्या पुडीशेजारी. परत येई तेव्हा पानं पिवळी झालेली असत, आणि धडे पाठ. कधी कधी पंधरा पंधरा दिवस तिचं तोंड दिसत नसे. मंदाकिनी दाराकडे बघत राही, पण बोलावणं धाडत नसे. तेवढं मात्र तिला फार जड गेलं.

आणि मग ज्येष्ठातल्या एका दुपारी, सगळी मुलं सुट्टीत असताना, खोलीत एकटी सगुणा बसून चौथीची परीक्षा देत होती. समोर स्वतः त्र्यंबकराव, पंच्यानं वारा घेत. बाहेर देवळाच्या ओट्यावर मंदाकिनी. ऊन असं, की खाडी पांढरी दिसत होती. फिरकीचा तांब्या केव्हाच रिकामा झाला होता. घसा कोरडा पडला होता, आणि चार पावलांवर गावाची विहीर होती.

दुपार टळून गेल्यावर साहेब दारात आले. चष्मा पुसला, छत्री उघडली.

"मुलगी पास आहे, बाई," ते म्हणाले. "गणितं गुणगुणत सोडवते. चालायचंच."

खोलीतून सगुणा बाहेर आली आणि मंदाकिनीशेजारी ओट्यावर बसली. दोघी नुसत्या समोर बघत बसल्या. तेवढ्यात देवळाच्या वळणावरून काठीचा आवाज आला. गंगुबाईच्या एका हातात काठी होती आणि दुसर्‍या हातात पाण्यानं भरलेला पितळी तांब्या, वर गुळाचा खडा ठेवलेली वाटी. आताशा तिचा आवाज जवळजवळ गेलाच होता. ती काय म्हणाली ते ऐकायला मंदाकिनीला वाकावं लागलं.

"घे. झालं नातवंड."

मंदाकिनीनं तांब्या दोन्ही हातांत धरला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. कोपरच्या विहिरीचं पाणी थोडं मचूळ होतं. ती ते सगळं प्यायली.